एक किलो रंगाची गोष्ट



अकरावीच्या वर्गात वस्तुमान आणि वजन हा पाठ आला की मी एक गोष्ट हमखास सांगत असे. गोष्ट मोटारींच्या शर्यतीची असल्यामुळे मागच्या बाकावरची मुलेही मान वर करीत. आधी ती गोष्टच ऐका.

सन १९३४. मोठ्या शर्यतींतील मोटारींसाठी युरोपात त्या वर्षी नवा नियम लागू झाला होता. चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून मोटारीचे वजन ७५० किलोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असा तो नियम. हलक्या मोटारीत फार मोठे इंजिन बसवता येणार नाही आणि त्यामुळे वेग आपोआप आटोक्यात राहील, अशी नियम करणाऱ्यांची कल्पना होती. (ती साफ चुकली. पुढच्या तीन-चार वर्षांत वेग वाढतच गेले. पण तो विषय वेगळा.) जर्मनीतील न्युरबुर्गरिंग येथे ३ जून रोजी आयफेल शर्यत व्हायची होती. आदल्या दिवशी मर्सिडीज कंपनीची नवी मोटार काट्यावर चढवली, तर काटा ७५१ दाखवू लागला! एक किलो जास्त. इंजिनातून काढण्यासारखे काही उरले नव्हते. संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर डोक्याला हात लावून बसले. त्या काळी शर्यतीत प्रत्येक देशाच्या मोटारींचा रंग ठरलेला असे; जर्मनीचा रंग पांढरा. कोणाला तरी युक्ती सुचली. कारागिरांनी रात्रभर बसून तो पांढरा रंग खरवडून काढला. खालचे ॲल्युमिनियम चमकू लागले. सकाळी काटा बरोबर ७५० वर थांबला. मानफ्रेड फॉन ब्राउखिच यांनी तीच मोटार चालवून शर्यत जिंकली, आणि तेव्हापासून या मोटारींना ‘रुपेरी बाण’ हे नाव पडले.

शर्यतींच्या जुन्या मोटारींवरील किती तरी पुस्तकांत ही गोष्ट छापलेली आहे. मी ती अशाच एका पुस्तकात वाचली आणि दहा-बारा वर्षे वर्गात सांगत राहिलो.

एके वर्षी एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर मला गाठले. त्याचे वडील मोटारी रंगवण्याचे काम करतात. तो म्हणाला, “सर, नुसत्या रंगाचे वजन एक किलो भरेल का? पत्र्यावर तर पापुद्र्याएवढाच रंग असतो.” प्रश्न उत्तम होता. आम्ही दोघे तेथेच फळ्यावर हिशेब करू लागलो. तुम्हीही वही घ्या.

शर्यतीची ती एक आसनी मोटार ढोबळमानाने लांबट पिंपासारखी समजू. लांबी सुमारे ४ मीटर, घेर सुमारे अडीच मीटर. म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग १० चौरस मीटर झाला. दोन-तीन हात मिळून रंगाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर धरू. १० चौरस मीटर गुणिले ०.१ मिलिमीटर म्हणजे किती? एककांकडे नीट लक्ष द्या, येथेच बहुतेकांचे चुकते. उत्तर येते ०.००१ घनमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर. वाळलेल्या रंगाची घनता पाण्यापेक्षा जास्त असते. ती पाण्याच्या सुमारे दीडपट धरली तर रंगाचे वजन दीड किलोग्रॅमच्या आसपास येते. पत्र्याचे खड्डे बुजवण्यासाठी रंगारी ‘लांबी’ भरतात, ती धरली तर आणखी जास्त. जाडी निम्मी धरा, तरी पाऊण किलो उरतेच.

हिशेबावर विश्वास नसेल तर प्रयोग करून पाहा. ३० सेंटिमीटर लांब व तेवढाच रुंद असा पत्र्याचा तुकडा घ्या. भौतिक तराजूवर त्याचे वजन करा. तेलरंगाचे दोन हात द्या, दोन दिवस पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा वजन करा. वाढलेल्या वजनावरून १० चौरस मीटरला किती रंग लागेल ते त्रैराशिकाने काढा. आम्हाला काय उत्तर मिळाले ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण तुमचा रंग वेगळा, ब्रश वेगळा आणि हातही वेगळा. पण एक किलोग्रॅम हा आकडा अशक्य नाही, हे तुमचे तुम्हाला पटेल.

त्या मुलाचे समाधान झाले, माझेही झाले. त्याने शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी या हिशेबाचा मोठा तक्ता केला आणि वर ठळक अक्षरांत मथळा दिला, ‘गणिताने सिद्ध झालेली सत्यकथा’. त्या मथळ्यावर सही माझी होती.

आता चूक पाहा. हिशेबाने एवढेच दाखवले होते की असे घडणे शक्य आहे. असे घडले, हे हिशेबाने मुळीच दाखवले नव्हते. भोकरहून नांदेडला मोटारसायकलने सव्वा तासात जाता येते. म्हणून मी काल नांदेडला गेलो होतो, असे सिद्ध होते काय? पण गोष्ट आवडती असली आणि हिशेबही जुळला, की माणूस हा साधा प्रश्न विचारायचा विसरतो. भौतिकशास्त्राचा प्राध्यापकही विसरतो.

जुन्या शर्यतींचा इतिहास बारकाईने तपासणारी काही मंडळी युरोप-अमेरिकेत आहेत. त्यांनी या गोष्टीचा माग काढला तेव्हा काय आढळले?

पहिली अडचण म्हणजे नियमाचीच. नव्या नियमात बसणाऱ्या मोटारी तोवर थोड्याच तयार झाल्या होत्या. त्यामुळे १९३४ ची आयफेल शर्यत ‘मुक्त’ प्रकारात घेण्यात आली होती. म्हणजे त्या दिवशी वजनाची मर्यादा लागूच नव्हती. मर्यादा नाही, तर एक किलोसाठी रात्रभर रंग खरवडायचा कशाला?

दुसरी गोष्ट नावाची. १९३२ साली बर्लिनजवळच्या आवुस मार्गावर याच ब्राउखिच यांनी मर्सिडीजचीच एक निमुळत्या आकाराची, न रंगवलेली, चकचकीत मोटार चालवली होती. रेडिओवर शर्यतीचे वर्णन करणाऱ्याने तिला तेव्हाच ‘रुपेरी बाण’ म्हटले होते. म्हणजे नाव दोन वर्षे आधीचे. शिवाय मर्सिडीजची प्रतिस्पर्धी ऑटो युनियन ही जर्मन कंपनी. तिच्या मोटारीही १९३४ साली रुपेरीच होत्या, आणि त्यांचा रंग कोणी रात्रीतून खरवडल्याची कथा नाही.

तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की १९३४ सालच्या लिखाणात या घटनेचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. गोष्ट ठळकपणे पुढे येते ती खुद्द नॉयबाउअर यांच्या आठवणींच्या पुस्तकातून, आणि ते पुस्तक निघाले १९५८ साली. मधली चोवीस वर्षे ही बहारदार गोष्ट कोठे होती? शर्यतीला शेकडो पत्रकार आणि हजारो प्रेक्षक येत. पांढरी म्हणून माहीत असलेली मोटार सकाळी चकचकीत रुपेरी होऊन बाहेर आली असती तर एखाद्या वार्ताहराने तरी चार ओळी लिहिल्याच असत्या.

नॉयबाउअर खोटे बोलले, असे मी म्हणणार नाही. ते संघाचे अतिशय कुशल व्यवस्थापक होते आणि गोष्टीवेल्हाळही होते. दोन-तीन वेगवेगळ्या प्रसंगांच्या आठवणी पंचवीस वर्षांत एकमेकींत मिसळल्या असतील. तुमच्या आजोबांनाच विचारा की घरी पहिली सायकल कोणत्या साली आली. आणि मग आजीला वेगळे बोलावून तेच विचारा.

अशा गोष्टी आपल्याकडेही भरपूर आहेत. राजाने रोल्स-रॉइस मोटारी कचरा वाहायला लावल्या, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. लंडनच्या दुकानात साध्या कपड्यांत गेलेल्या राजाचा अपमान झाला, म्हणून त्याने मोटारी विकत घेऊन झाडूवाल्यांना दिल्या, आणि कंपनीला माफी मागावी लागली, अशी ती आहे. भोकर पूर्वी निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे आमच्या बाजूला ती निजामाची म्हणून सांगतात. राजस्थानात तीच अलवरच्या महाराजांची होते आणि पंजाबकडे पतियाळाच्या. गोष्ट तीच राहून राजा बदलू लागला, साल कोणीच सांगेना, की सावध व्हावे.

त्यामानाने साल आणि तारीख हाती असली तर काम किती सोपे होते याचे एक उदाहरण देतो. इंग्लंडचा वुल्फ बार्नाटो हा श्रीमंत शर्यतपटू. मार्च १९३० मध्ये त्याने पैज लावली की फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघणाऱ्या ‘ब्लू ट्रेन’ या प्रसिद्ध आगगाडीच्या आधी आपण मोटारीने पोहोचू. आगगाडी कॅले बंदरात पोहोचण्यापूर्वीच तो समुद्र ओलांडून लंडनच्या क्लबात हजर झाला. पुढे अनेक दशके पुस्तकांतून या पराक्रमाबरोबर एका देखण्या, उतरत्या छपराच्या बेंटले मोटारीचे चित्र छापले जात होते. नामवंत चित्रकाराने रंगवलेल्या चित्रातही तीच मोटार आगगाडीशी शर्यत लावताना दिसते. मोटार बार्नाटोचीच, यात शंका नाही. पण गर्नी नटिंग यांच्या कारखान्यातून ती त्याच्या ताब्यात आली मे १९३० मध्ये. मार्चमधल्या शर्यतीत मे महिन्यात तयार झालेली मोटार धावणार कशी? त्याने शर्यतीत चालवली ती दुसरीच, मुलिनर यांनी बांधलेली साध्या चौकोनी अंगाची बेंटले होती. सगळा वाद एका नोंदवहीतल्या तारखेने मिटला. साधी मोटार चित्रात तितकी शोभत नाही, एवढाच तिचा गुन्हा.

आता आकड्यांकडे वळू, कारण तेथे तुम्हाला घरबसल्या संशोधन करता येईल.

मोटारीने गाठलेल्या सर्वोच्च वेगाचे विक्रम नोंदवण्यास १८९८ मध्ये फ्रान्समध्ये सुरुवात झाली. पॅरिसजवळ आशेर येथे सरळ रस्त्यावर एक किलोमीटर अंतर मोजून मोटार किती सेकंदांत ते कापते हे पाहत. पहिले सहा विक्रम फ्रान्सचे शास्लू-लोबा आणि बेल्जियमचे जेनात्सी या दोघांनी आळीपाळीने केले, आणि आश्चर्य वाटेल, पण सर्व विजेवर चालणाऱ्या मोटारींनी! पुस्तकांत दिलेले वेग ताशी किलोमीटरमध्ये असे आहेत: ६३.१५, ६६.६६, ७०.३१, ८०.३५, ९२.७८ आणि १०५.८८. शेवटचा आकडा जेनात्सी यांचा, एप्रिल १८९९ मधला. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी ती पहिली मोटार.

दशांश चिन्हापुढे दोन अंक पाहून वाटते की केवढी ही अचूकता! पण थांबा. एक किलोमीटर अंतरासाठी वेग काढायचा तर ३६०० ला सेकंदांनी भागावे लागते. तेव्हा उलट करू. ३६०० ला या वेगांनी भागून मूळ सेकंद काढू. भागाकार स्वतः करा. उत्तरे येतील: ५७, ५४, ५१.२, ४४.८, ३८.८ आणि ३४.

काही लक्षात आले? दशांशानंतरचा अंक दरवेळी शून्य, दोन, आठ असा समच आहे. ५१.३ नाही, ४४.७ नाही. याचा अर्थ घड्याळ सेकंदाचे पाच भाग दाखवणारे होते. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात असे चावीचे एक स्टॉपवॉच अजून आहे. त्याचा काटा सेकंदाला पाच टिचक्या मारत सरकतो. सव्वाशे वर्षांपूर्वी आशेरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कोणत्या जातीचे घड्याळ होते, हे भोकरला बसून भागाकाराने कळले! मला स्वतःला हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा रात्री अकरा वाजता घरच्यांना उठवून सांगावेसे वाटले होते.

आणखी पुढे जाऊ. घड्याळ एका टिचकीने, म्हणजे ०.२ सेकंदाने चुकले असे समजा. ३४ ऐवजी ३३.८ सेकंद घेतले तर वेग १०६.५ येतो, ३४.२ घेतले तर १०५.३. म्हणजे १०५.८८ मधले ‘पॉइंट अठ्ठ्याऐंशी’ हे मोजमापातून आलेलेच नाही, ते भागाकारातून आले आहे. प्रामाणिकपणे लिहायचे तर ‘सुमारे १०६’ एवढेच लिहिता येईल. सार्थ अंकांचा धडा तुम्हाला कंटाळवाणा वाटतो ना? तो येथे उपयोगी पडतो.

यातूनच दुसरी एक शंका फिटते. काही पुस्तकांत पहिला विक्रम ६३.१५ दिलेला असतो, काहींत ६३.१६. कोणते पुस्तक चूक? ३६०० भागिले ५७ म्हणजे ६३.१५७८... एकाने पुढचे अंक नुसते तोडले, दुसऱ्याने पूर्णांकन केले. दोघांच्या मागचे सेकंद एकच. असा फरक दिसला की लगेच लेखकाला मूर्ख ठरवू नये. मात्र जेनात्सी यांच्या शेवटच्या विक्रमाची तारीख काही ठिकाणी २९ एप्रिल आणि काही ठिकाणी १ मे आढळते, तिथे असा सोयीचा खुलासा चालत नाही. दोन्ही तारखा खऱ्या असू शकत नाहीत. त्यासाठी त्या आठवड्याची वर्तमानपत्रेच उघडावी लागतात.

हाताने वेळ मोजण्याची सर्वांत गमतीदार नोंद १९५४ सालची आहे. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे १७ जुलै रोजी ब्रिटिश ग्रां प्री झाली. सर्वांत जलद फेरी मारणाऱ्याला तेव्हा एक गुण मिळे. त्या दिवशी फेऱ्यांची वेळ पूर्ण सेकंदातच नोंदवली गेली, आणि सात जणांची सर्वोत्तम वेळ एकच निघाली: १ मिनिट ५० सेकंद. मग एका गुणाचे सात तुकडे करण्यात आले! म्हणूनच त्या वर्षीच्या तक्त्यात गोन्झालेस यांचे गुण २५ पूर्णांक १/७ असे विचित्र दिसतात. हे सातही जण खरोखर बरोबरीत होते काय? फेरी सुमारे ४.७१ किलोमीटरची, वेळ ११० सेकंद. भागाकार करा, वेग येतो सेकंदाला जवळजवळ ४३ मीटर. म्हणजे एका सेकंदाच्या आत दहा मोटारी एकामागोमाग एक मावतील एवढे अंतर दडून राहू शकते. घड्याळाला जे दिसले नाही ते बरोबरीचे ठरले.

नंतरच्या काही पुस्तकांत १/७ ऐवजी ०.१४ छापलेले असते. ०.१४ ला सातने गुणून पाहा. ०.९८. शतांश दोन गुण कोणी खाल्ले? त्या सातांपैकी एक, अर्जेंटिनाचा तरुण चालक मारिमोन, पंधरा दिवसांनी, ३१ जुलै रोजी न्युरबुर्गरिंग येथे सराव करताना अपघातात मरण पावला. त्या वर्षीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे ४ पूर्णांक १/७ आहेत. त्याच्या बाबतीत तरी ०.१४ लिहू नये असे मला वाटते.

सतरा वर्षांनी, १९७१ मध्ये, इटलीतील मोंझा येथे पीटर गेथिन अवघ्या ०.०१ सेकंदाने जिंकले. पहिले पाच जण ०.६१ सेकंदात आले. सिल्व्हरस्टोनचे घड्याळ असते तर पाचही जण बरोबरीत धरले गेले असते. मोंझाची फेरी तेव्हा ५.७५ किलोमीटर, फेऱ्या ५५, वेळ १ तास १८ मिनिटे १२.६ सेकंद. सरासरी वेग काढा, ताशी २४२.६ आला पाहिजे. पुस्तकात या चार आकड्यांपैकी एक जरी चुकीचा छापला गेला असेल तर उरलेले तीन त्याला पकडून देतात. शर्यतीच्या तक्त्यांची ही मोठी सोय आहे. गोष्टींना अशी सोय नसते.

पण पकडताना आपणच तोंडघशी पडण्याचा संभव असतो. मी पडलो आहे. ३० ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध मार्गावर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. फेरीची लांबी ५.१२५ किलोमीटर, फेऱ्या ६०. गुणाकार ३०७.५ किलोमीटर. पण अधिकृत अंतर दिले होते ३०७.२४९! तब्बल २५१ मीटरचा फरक. मी वर्गात मोठ्या ऐटीत सांगितले, “बघा, एवढी मोठी संस्था, पण गुणाकार चुकला.” नंतर उमगले की त्या मार्गावर सुटण्याची रेषा आणि संपण्याची रेषा एकच नव्हती, पहिली रेषा दुसरीच्या २५१ मीटर पुढे होती. गुणाकार माझा बरोबर होता, समजूत चुकीची होती.

कधी कधी आकडाही बरोबर आणि समजूतही बरोबर, तरी वाचक फसतो. जून २००५ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे नारायण कार्तिकेयन चौथे आले आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारे पहिले भारतीय ठरले. हे पूर्ण सत्य आहे. पण त्या दिवशी टायर धोकादायक ठरल्यामुळे चौदा मोटारी सुरुवातीलाच बाजूला झाल्या आणि शर्यतीत सहाच उरल्या, हेही तितकेच सत्य आहे. नुसते ‘चौथे’ लिहिणारे पुस्तक अर्धे सांगते. ‘सहातच चौथे’ म्हणून हिणवणारेही अर्धेच सांगते. कारण त्या सहांतही मोटार शेवटपर्यंत न चुकता चालवावीच लागली.

आता आपल्या घराकडे येऊ. १९०४ च्या अखेरीस मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी घेतली. आजच्या रस्त्याने हे अंतर सुमारे तेराशे-चौदाशे किलोमीटर भरते. तेव्हाचे रस्ते आणि तेव्हाचे टायर डोळ्यांपुढे आणा! या घटनेला पुष्कळ ठिकाणी ‘भारतातील पहिली मोटार शर्यत’ म्हटले जाते. पण ती शर्यत नव्हती, भरवशाची कसोटी होती. कोण आधी पोहोचतो यापेक्षा कोणाची मोटार न बिघडता ठरलेले टप्पे पार करते, हे त्यात पाहायचे होते. एक शब्द बदलला की सगळा अर्थ बदलतो. वेगाची शर्यत समजून सरासरी वेग काढणारा विद्यार्थी निष्कारण हसेल की किती हळू चालवली!

पुढे स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईत जुहूच्या विमानतळावर, मद्रासजवळ शोलावरमला, कलकत्त्याजवळ बराकपूरला धावपट्ट्यांवर शर्यती होत. युरोपातल्या एकेका शर्यतीवर पाच-पाच पुस्तके आहेत. जुहूच्या शर्यतींवर मराठीत एखादे तरी नेटके पुस्तक असावे, असे फार वाटते. प्रवेशपत्रिका, गुणपत्रके, फोटो हे सगळे कोणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत असणार, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यातले थोडे रद्दीत जात असणार.

आणि मोटारच कशाला हवी? आमच्या आणि विदर्भाच्या बाजूला बैलांचे शंकरपट भरतात. न्यायालयाच्या बंदीमुळे ते काही वर्षे थांबले होते; डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. पारावर बसलेली म्हातारी माणसे सांगतात की अमक्याच्या जोडीने इतक्या सेकंदांत पट मारला. मी विचारतो, “काका, अंतर किती होते?” अंतर कोणालाच आठवत नाही. अंतराशिवाय सेकंदांचे काय करायचे?

तक्ता करणारा तो विद्यार्थी आता हे काम करतो. प्रदर्शनाचा तक्ता आम्ही फाडला नाही. ‘सत्यकथा’ या शब्दावर त्याने पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर ‘शक्यता’ असे लिहिले. तक्ता प्रयोगशाळेत आहे. पटाच्या दिवशी तो टेप घेऊन आधी धावपट्टी मोजतो, तारीख लिहितो, घड्याळ कोणत्या प्रकारचे आहे ते लिहितो आणि वेळ सांगणाऱ्याचे नाव लिहितो. जुने फोटो मिळाले तर मालकाकडे बसूनच त्यांची माहिती उतरवून घेतो.

तुम्हीही असे काही हाती घेणार असाल तर एक व्यावहारिक सूचना. फोटोच्या मागे माहिती लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहा. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूने उमटते आणि शाई कालांतराने शेजारच्या फोटोला लागते.